पाळक नसताना उपासनेची सुरुवात करायची आहे. काय बोलावं?

येत्या रविवारी पाळकसाहेब उशिरा पोहोचणार, तोवर पाचारण (म्हणजे लोकांना उपासनेला बोलावणं), पहिलं गीत आणि प्रार्थना तुमच्याकडे, आणि चर्चमध्ये याआधी कधी पुढे उभे राहिला नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत मी बरीच वर्षं हे काम करते. माझा सल्ला जरा व्याकरणाच्या मास्तरसारखा वाटेल: आधी सर्वनामं सांभाळा.

मंडळीला बोलावताना 'आपण'. आपण उभे राहू, आपण गाऊ. डोळे मिटून प्रार्थना सुरू केली की 'आम्ही', कारण आता तुम्ही देवाशी बोलताय. देवाला अर्थातच 'तू'. 'तुम्ही' मात्र जपून. पापकबुलीनंतर 'तुमच्या पापांची क्षमा' जाहीर करणं हे दीक्षित पाळकांचं काम. छापील उपासनाक्रमात ते आलं, तर आपल्यासारख्यांनी 'आम्हांला क्षमा कर' अशी विनंतीच करायची. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असाल तर एवढं लक्षात घ्या की 1970 साली नागपूरला सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ते झालं, त्यामुळे शेजारच्या गावातली रीत तुमच्याकडे चालेलच असं नाही. शनिवारी पाळकसाहेबांना एक फोन करा.

'आपण' आणि 'आम्ही'चा घोळ मी स्वतः घातलाय. पहिल्याच वेळी प्रार्थनेच्या ओघात म्हणून गेले, "हे प्रभू, उपासनेनंतर महिला मंडळाची सभा आहे, तिलाही आशीर्वाद दे." मागच्या बाकावरून एका आजींनी मोठ्यानं विचारलं, "किती वाजता गं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, देवाशी बोलायचं सोडून मी मंडळीला सूचनाच देत होते. तेव्हापासून प्रार्थना वहीत लिहून नेते. आठ-दहा ओळी पुरतात. पाहून वाचली म्हणून प्रार्थना कमी पडत नाही.

गीताचं आधी पेटीवाल्याशी बोला. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांसारखं काही घेणार असाल तर कुठली चाल हे ठरवूनच ठेवा, नाहीतर अर्धी मंडळी एकीकडे आणि तबला दुसरीकडे. क्रमांक सावकाश, दोनदा सांगा आणि पहिली ओळही वाचा, कारण कोणाकोणाकडे जुनी प्रत असते. कडवी गाळायची तर तेही आधीच सांगा.

'मला काही येत नाही, सांभाळून घ्या' अशी सुरुवात नको. माइकवर टिचक्याही नकोत. थोडं थांबा, कुजबुज आपोआप शमते, मग थेट वचन वाचा.

आता कुठलं वचन? बायबलमधलं 95वं स्तोत्र पाचारणाला फार चांगलं, पण 7व्या वचनाच्या मध्यावर थांबा. तिथून पुढे अरण्यातल्या हट्टी पूर्वजांची खरडपट्टी आहे, आणि आमच्या एका तरुणानं भर नाताळात ती शेवटपर्यंत वाचली होती. पहिल्या खेपेला 100वंच घ्या. पाचच वचनं आहेत, आणि अडखळायला लावणारं एकही नाव त्यात नाही.