पीएसए रक्तात वाढलेला दिसतोय, मग ल्युटेशियमआधी पीएसएमए स्कॅन कशाला?

वडिलांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांत गेलाय, हॉर्मोनची औषधं आणि किमो होऊनही पीएसए चढतोय, डॉक्टर ल्युटेशियम (गाठींवर आतून किरणांचा मारा करणारं इंजेक्शन) सुचवतात पण आधी पीएसएमए पेट स्कॅन मागतात. रक्ताचा रिपोर्ट असताना हा खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे येणारे नातेवाईक हेच विचारतात. माझं स्पष्ट मत: हा स्कॅन टाळू नका.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बाहेर सोडलेलं प्रथिन. रक्तात उतरतं म्हणून मोजता येतं. आजार वाढतोय की आटोक्यात आहे याचा अंदाज त्यावरून येतो, पण तो कुठे बसलाय ते कळत नाही. ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा तिला संसर्ग झाला तरी पीएसए वाढतो. पीएसएमए हे दुसरं प्रथिन मात्र पेशीच्या आवरणातच रुतलेलं असतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर ते भरपूर असतं, आणि त्याला काही चिकटलं की पेशी ते आत ओढून घेते.

रसायनशास्त्रज्ञांनी याचाच फायदा घेतला. त्यांनी एक छोटा रेणू बनवला, ज्याचं एक टोक पीएसएमएला चिकटतं आणि दुसरं टोक धातूचा अणू धरून ठेवतं. त्यात किरणोत्सर्गी गॅलियम-68 बसवलं की स्कॅनचं औषध तयार. गॅलियमचं अर्धायुष्य 68 मिनिटं, तेवढ्यात ते निम्मं उरतं, म्हणजे साठवायची सोयच नाही. त्याच दिवशी जनरेटरमधून (गॅलियम मिळवायच्या उपकरणातून) काढायचं, रेणूबरोबर तापवायचं, शुद्धता तपासायची आणि लगेच टोचायचं. पेशंट तासभर उशिरा आला तर जवळजवळ निम्मा डोस गेलेला असतो, म्हणून वेळेबद्दल आम्ही इतके कडक असतो. इंजेक्शननंतर साधारण तासभर थांबवतो, लघवीला जाऊन यायला सांगतो आणि मग मशीनवर घेतो.

चित्रात मूत्रपिंडं, मूत्राशय, लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी ठळक दिसतात. ते पाहून घरच्यांचा धीर सुटतो, पण ते प्रत्येक पेशंटमध्ये दिसतंच. डॉक्टर हाडांतले आणि लसिका ग्रंथींतले ठिपके बघतात, ते यकृतापेक्षा ठळक आहेत का ते ताडतात.

ल्युटेशियमच्या औषधात रेणू थोडा वेगळा असतो, पण चिकटायचं टोक त्याच जातीचं. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-177 येतं. त्याचे बीटा कण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात, त्यामुळे मारा मुख्यतः गाठीवर होतो. हे ल्युटेशियम आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव अणुभट्टीतही बनतं.

आता स्कॅनमध्ये गाठी उजळल्याच नाहीत, तर औषधाला चिकटायला काही नाही. ते बरंचसं लघवीवाटे निघून जाईल, लाळग्रंथी आणि बोन मॅरोला मात्र किरणांचा त्रास होईल. वडिलांसारख्याच, हॉर्मोनची नवी औषधं आणि किमो झालेल्या 831 पेशंटवरची चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही स्कॅनवर पीएसएमए दिसलेलेच पेशंट घेतले होते. ल्युटेशियम मिळालेल्यांपैकी निम्मे निदान 15.3 महिने जगले, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हा आकडा 11.3 होता. आजार यानं मुळापासून जात नाही, पण अशा टप्प्यावर चार महिने मला फार मोठे वाटतात.

रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारा: सगळ्या गाठी उजळल्या आहेत का? यकृतात किंवा आणखी कुठे सीटीत दिसणारी पण न उजळलेली गाठ आहे का? काही गाठींवरचं पीएसएमए गेलेलं असतं, त्या पकडायला एफडीजी पेटही (साखरेसारखं औषध टोचून केलेला स्कॅन) करतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिनचे ताजे आकडे सोबत न्या. तोंड कोरडं पडण्याबद्दलही आधीच बोला, कारण बऱ्याच पेशंटना ते जाणवतं आणि जेवण कमी झालं की अशक्तपणा वाढतो.