विंडोज ११ वर जाण्यापूर्वी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने विंडोज ११ वर जाण्याचा आपला विचार योग्यच आहे, मात्र घाई करू नये. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. टीपीएम अनेकदा संगणकात असूनही बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेले असते, म्हणून पुण्यात टिळक रस्त्यावरच्या दुकानांत नवा मदरबोर्ड शोधण्याआधी ती सेटिंग अवश्य पाहावी. इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा.

सर्वांत महत्त्वाचे काम बॅकअपचे. छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावीत, आणि त्यांतल्या काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहाव्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीत टंकलेला मराठी मजकूर असेल, तर त्याचे फाँटही जपावेत, कारण युनिकोड या आजच्या सामाईक लिपी-संकेतापूर्वीचा असा मजकूर मूळ फाँटशिवाय नीट वाचता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे लेखन अशाने कायमचे हातचे जाऊ शकते, याची मला खरोखर काळजी वाटते.

यूपीएस नसेल तर नवी प्रणाली बसवण्यासाठी गुरुवार टाळावा, कारण पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा संभव अधिक असतो. नवी प्रणाली पसंत न पडल्यास पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधून मागे फिरता येते.