तक्ता पाठ करण्याआधी

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. मूलद्रव्यांची यादी पाठ करवून घेते, पण तो फार कंटाळतो. काय करू?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, पाठांतर सध्या राहू द्या. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण माझ्या नातीची सुरुवात सराफ्यात, आपल्या सोन्याचांदीच्या बाजारात केली. दुपारी न्या हं. रात्री तिथे खाण्याची दुकानं लागतात; तेव्हा गेलात तर सगळं लक्ष भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या, किसावर! सोनं, चांदी तिथे. तांब्याची तार, ॲल्युमिनियमचं पातेलं घरीच. सोन्याचं चिन्ह ‘एयू’ का, हे तो स्वतःच विचारील. तेव्हा लॅटिन ‘ऑरम’ सांगा.

मग पत्ते करा : मूलद्रव्याचं नाव आणि अणुभार, म्हणजे त्याचा अणू किती जड तो आकडा. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869मध्ये अणुभाराच्या क्रमाने मूलद्रव्यांचा तक्ता मांडताना न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या होत्या. ॲल्युमिनियमखालच्या जागेचं गॅलियम 1875मध्ये सापडलं, तळहातावर वितळणारा धातू! जागा रिकामी सोडणं, किती मोठं धाडस ते! हेच मुलांना खेळू द्यावं. सोडियम 23, ॲल्युमिनियम 27. मधला पत्ता मी पालथा ठेवला. नात बराच वेळ बघत राहिली, म्हणाली, “आजी, पंचवीस?” उलटला तर मॅग्नेशियम, 24. लगेच म्हणाली, “आता दुसरा लपव.”