आजोबा गेले, आता घोडी विकायची आहे. मुलीला कसं सांगायचं?

‘मुलीला कळू न देता घोडी विकली तर तिला त्रास कमी होईल ना?’ तापीकाठच्या एका गावातल्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आजोबांना घोड्याकुत्र्यांचा जन्मभराचा नाद. नात चालायला लागली तशी ते तिला पहाटे तबेल्यात न्यायचे. खरारा (ब्रशने अंग घासून साफ करणं) कसा करायचा, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) कधी चढवायचा, हे ती त्यांच्याकडूनच शिकली. आता ती १३ वर्षांची आहे. आजोबांना जाऊन दोन महिने झाले आणि ती शाळा बुडवून घोडीपाशी बसते. आजोबांचा गावठी कुत्रा दारात पडून असतो, त्याला स्वतःच्या ताटातलं भरवते. दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडी काढायची आणि मुलीला ‘मामाकडे चरायला पाठवली’ असं सांगायचं, हा वडिलांचा बेत.

तसं करू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. आजोबा गेले यात कोणाचा दोष नव्हता. घोडी मात्र आईवडिलांनी फसवून नेली, हे मुलीला आज ना उद्या कळणारच. त्यानंतर घरातल्यांच्या कुठल्याच शब्दावर तिचा भरवसा राहत नाही, आणि दुःखात मुलांना सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा आईला दिसत नसलेली गोष्ट कळली. कुत्रा जेवत नव्हता. आपण शाळेत गेलो आणि तोही मेला तर, या भीतीने ती घरी थांबत होती. घरचे ज्याला वेड म्हणत होते तो पहारा होता. मग ‘जनावरांत गुंतू नकोस’ म्हणून काय उपयोग?

म्हणून आधी कुत्र्याचं पाहिलं. माणूस गेल्यावर कुत्र्याचं खाणं मंदावतं. दिवसभर लाडीगोडी लावून भरवलं की ते आणखी बिघडतं. आजोबांच्याच वेळेला, त्याच जागी ताटली ठेवायची आणि पंधरावीस मिनिटांनी उचलायची. पाणी कायम भरलेलं. आजोबांची घोंगडी इतक्यात धुवायची नाही, तिला त्यांचा वास असतो. पूर्ण दिवस तोंड लावलं नाही किंवा पाणीही सोडलं, तर पशुवैद्यांना दाखवायचं. हे नियम मुलीने स्वतः लिहून घेतले आणि शाळेच्या वेळी ताटलीची जबाबदारी आजीने उचलली.

घोडीचं काम मोठ्यांचं आहे, ते मुलीवर सोडता येत नाही. आजोबा रोज फेरफटका मारायचे, तो बंद झाला. भिजवलेल्या हरभऱ्याचा खुराक मात्र तेवढाच चालू होता. उभ्या घोड्याला कामावरचा खुराक दिला की पोटशूळ उठू शकतो, खूर तापून घोडं लंगडं होतं. पशुवैद्यांच्या सल्ल्याने हरभरा निम्म्यावर आणला. तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतो. तो तीनचार वेळा विभागून द्यायचा, शिवाय पंचवीसतीस लिटर पाणी. खूर कापून नाल ठोकणारा नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी. घोडी पाय आपटू लागली, पोटाकडे वळून पाहू लागली, लोळू लागली किंवा लीद बंद झाली, तर घरगुती काढे देत बसायचं नाही, लगेच डॉक्टर. मुलीच्या वाट्याला सकाळी अर्धा तास खरारा, तोही मोठं माणूस जवळ असताना. पायात बंद बूट, दोर हाताला गुंडाळायचा नाही, मागून जायचं नाही.

वडिलांशी बोलल्यावर घाईचं कारण कळलं. पहाटे आजोबांच्या वेळेला घोडी खिंकाळायची आणि त्यांना ते ऐकवत नव्हतं. हे त्यांनी मुलीसमोर बोलून दाखवलं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक त्याने पडला.

घोडी ठेवणं घराला झेपणारं नव्हतं. विकायची की नाही, हे मुलीला विचारू नका. तेवढं ओझं त्या वयाला पेलत नाही. का, कोणाला, कधी, हे मात्र किमान तीन आठवडे आधी सांगा. कोणाला द्यायची यात तिचं मत घ्या. या घराने बाजाराचा नाद सोडून आजोबांच्या ओळखीच्या शेतकऱ्याला घोडी दिली. घोडीच्या सवयींचा कागद मुलीने लिहून त्यांच्या हाती दिला: डावीकडून लगाम चढवू देत नाही, फटाक्यांना बुजते. शेपटीचे चार केस ठेवून घेतले. नंतर ती आठवडाभर वडिलांशी बोलली नाही. तो राग येऊ द्यावा, लगेच समजूत काढायला धावू नये.

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण तुटलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘मलाही आजोबांकडे जायचंय’ असं मूल बोललं तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आजोबांचं वर्षश्राद्ध आणि दत्तजयंती, या दिवसांच्या आसपास मुलगी पुन्हा गप्प होईल. वर्गशिक्षकांना तेवढं आधी कळवून ठेवा.