बोट सुटली, तर घरी कसं यायचं?

या महिन्यात तीन पत्रं आली आणि तिन्ही बोटीची! रंकाळ्यातल्या बोटीत बसायला घाबरणारी आमची माणसं आता सात-सात रात्री समुद्रात राहायला निघालीत, चांगलं आहे. मी एका विमा कंपनीच्या कोल्हापूर शाखेत सव्वीस वर्षं क्लेमच्या टेबलावर होते. त्यामुळं माझं उत्तर नेहमी फायलीच्या शेवटच्या पानावरून सुरू होतं, म्हणजे काहीतरी बिघडल्यानंतरच्या पानावरून. कुणाच्या उत्साहावर पाणी पडलं तर माफ करा.

प्रश्न : मुलगी-जावई फ्लोरिडात असतात. यांच्या साठीनिमित्त डिसेंबरात मायामीहून बहामा आणि मेक्सिकोतलं कोझुमेल अशी क्रूझ ठरवताहेत. बोट परत मायामीलाच येते. आमच्या दोघांकडं अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे, पासपोर्ट मात्र मार्चमध्ये संपतो. नातू वर्षाचा, जन्म तिथलाच. त्याला जन्मदाखल्यावर बोटीत घेतात, पासपोर्ट लागत नाही असं मुलगी म्हणते. यांना बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. घरचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे, मग वेगळा विमा कशाला, असं यांचं म्हणणं. जावई एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय, पण कंपनीमार्फत मिळालेली राहण्याची मंजुरी पुढच्या तारखेपर्यंत आहे. — एक वाचक, रुईकर कॉलनी

ताई, जावयांची ओळ तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत, पण बेत तिथंच अडणार आहे, म्हणून आधी तीच घेते. अमेरिकेत राहायला मंजुरीचा कागद पुरतो. देशाबाहेर पाऊल टाकून परत आत यायचं तर पासपोर्टवर चालू व्हिसा लागतो. बहामाच्या बंदराला लागून बोट परतली की ते देशाबाहेर जाऊन आलेच. तीस दिवसांच्या आत परतणाऱ्यांना संपलेल्या शिक्क्यावर आत घेण्याची एक सवलत आहे, पण एच-वन-बीवाल्यांना ती कॅनडा आणि मेक्सिकोपुरतीच. बहामासारख्या जवळच्या बेटांची सवलत फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांच्या, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात आलेल्यांच्या, व्हिसाला मिळते. म्हणजे कोझुमेल चाललं असतं, पण बहामानं घोळ केला. मुलगी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळं मिळणाऱ्या व्हिसावर असेल तर तिचंही तेच. पैसे भरण्याआधी त्यांनी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला बोटीचा मार्ग दाखवून लेखी उत्तर घ्यावं. वकील नाही म्हणाला तर साठी ऑरलँडोच्या बागेत साजरी करा. जावई मायामीच्या धक्क्यावर अडकलेत आणि केक घरी आहे, असली साठी नको.

आता नातू. मुलगी म्हणते ते खरं आहे. अमेरिकेतल्या एका बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या बोटीवर तिथल्या नागरिकाला जन्मदाखल्यावर घेतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना फोटोचं ओळखपत्रही लागत नाही. ही सवलत बोटीपुरती आहे, विमानात चालत नाही. समजा कोझुमेलला उतरलात, बाळाला ताप भरला, दवाखान्यात चार तास गेले आणि बोट सुटली. बोट थांबत नाही. क्रूझ कंपनीनंच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर थांबते, तुम्ही स्वतःहून टॅक्सी करून गेला असाल तर नाही. मग मायामीला विमानानं यायचं, आणि विमानात वर्षाच्या पोरालाही पासपोर्ट मागतात. परक्या देशात वकिलातीच्या दारात आजारी बाळ घेऊन बसायचं की आत्ताच १३५ डॉलर भरायचे? सोळाच्या आतल्या मुलाचा अर्ज आई-बाप दोघांनी बाळाला घेऊन जाऊन करायचा असतो, एकाला जमत नसेल तर त्याची नोटरी केलेली संमती लागते. पासपोर्ट कार्ड म्हणून एक स्वस्त प्रकारही तिथं मिळतो. त्याच्या मोहात पडू नका. तेही परदेशातून विमानानं येताना चालत नाही.

आणि नातवाला एकदा तरी अंबाबाईच्या पायावर घालायला कोल्हापूरला आणणार असालच ना? तेव्हा पासपोर्ट लागणारच. मग आत्ताच काढायला सांगा.

तुम्हा दोघांचे पासपोर्ट. प्रवास डिसेंबरात, मुदत मार्चमध्ये, म्हणजे हातात तीन महिने. बऱ्याच देशांना आणि क्रूझ कंपन्यांना सहा महिने शिल्लक हवे असतात. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नवा पासपोर्ट मागता येतो, तेव्हा थांबू नका. अर्ज ऑनलाइन भरा. कोल्हापुरातच टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला हेलपाटा मारायचं कारण नाही. छत्तीस पानांच्या पुस्तकाला १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. तुमच्याकडं वेळ आहे, तत्काळ नको. पोलीस पडताळणी लागलीच तर हवालदार दुपारी येतो आणि तुम्ही नेमक्या देवळात असता. शेजारच्या काकूंना सांगून ठेवा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे म्हणून घाबरू नका. तो रद्द होत नाही, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. फक्त जुनं पुस्तक परत घेताना व्हिसाच्या पानाला कुणी कात्री लावली नाही ना, एवढं काउंटरवरच बघा.

धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालाकडं देताना पासपोर्ट त्यात घालू नका. त्या बॅगा संध्याकाळी खोलीच्या दारात येतात आणि पासपोर्ट तर आत शिरतानाच मागतात. माझ्या सख्ख्या बहिणीनं सिंगापूरला हे केलंय. तिच्या दोन बॅगा धक्क्यावरच उघडाव्या लागल्या आणि वरचं सगळं भडंग लोकांच्या पायांत सांडलं. आमचे हे अजून तिला चिडवतात.

आता विमा, माझा जिव्हाळ्याचा विषय. यांना सांगा, तुमचा पाच लाखांचा मेडिक्लेम साधारण भारतातल्या दवाखान्यापुरता असतो. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण तिथं कॅशलेस नसतं. बिल थेट तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि उतरताना कार्डावरून कापलं जातं. फुकेतच्या वाटेवर आमच्या ह्यांना उलट्या लागल्या, दोन सलाईन आणि एक इंजेक्शन झालं. बिल तीनशे डॉलरच्या आसपास. ते आम्हाला तीन आठवड्यांत परत मिळालं, कारण डॉक्टरचा कागद, औषधांची यादी, खोलीचं बिल हे सगळं मी नायलॉनच्या पिशवीत घालून आणलं होतं. पण हे किरकोळ दुखणं. खरी भीती छातीत दुखायला लागण्याची. बोटीवर बायपास होत नाही, तिथं माणूस तग धरेल इतकंच करतात आणि जवळच्या बंदरात उतरवतात. तिथून मायामीला एअर ॲम्ब्युलन्सनं आणायचं तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. विमा घ्यायचा तो या दिवसासाठी, हरवलेल्या बॅगेसाठी नाही. एजंट मात्र बॅगेचाच रकाना आधी दाखवतो.

पॉलिसी घेताना चार गोष्टी मी स्वतः बघते. पहिली, ‘अमेरिका-कॅनडासह’ लिहिलेली हवी. त्या दोन देशांविना निघणारी स्वस्त पॉलिसी तुमच्या कामाची नाही. दुसरी, वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात किंवा मायदेशी नेणं, स्पष्ट लिहिलेलं हवं. तिसरी, साठीच्या पुढच्यांना काही पॉलिसी खोलीभाडं, शस्त्रक्रिया असं तुकड्यातुकड्यानं बांधून देतात. वर एक लाख डॉलर छापलेलं असतं आणि आत ऑपरेशनला दहा हजार. असं मर्यादांचं पान निघालं तर पुढची बघा. चौथी, क्रूझचं कलम. बोट चुकली, बंदर वगळलं गेलं, खोलीत बंद राहावं लागलं, याचं काही मिळतं का ते बघा. रक्कम मी तुमच्या जागी असते तर एक लाख डॉलरच्या खाली गेले नसते. पॉलिसी भारतातून निघायच्या आधीच काढा. इथल्या बहुतेक कंपन्या तुम्ही तिकडं पोहोचल्यावर देत नाहीत.

बीपी आणि शुगर फॉर्मवर लिहा. हे मी जरा जोरात सांगतेय, कारण त्याची एक फाईल माझ्या हाताखालून गेली आहे. गुजरीतले एक गृहस्थ होते, गळ्यात तोळ्यांची साखळी, बोलणं मऊ. हप्ता वाढेल म्हणून बीपीची गोळी लपवली. परदेशात छातीत दुखलं, तीन दिवस दवाखान्यात काढले. तिथल्या डॉक्टरनं ‘जुना रक्तदाब, आठ वर्षं गोळी’ असं केसपेपरवर लिहिलं. पेशंटनंच सांगितलं होतं. डॉक्टरपुढं कोण खोटं बोलतंय? ती नामंजुरी माझ्या सहीनं गेली. नंतर ते ऑफिसात आले, भांडले नाहीत, फक्त म्हणाले, “ताई, नऊशे रुपये वाचवले होते बघा.” असल्या आजारांना बऱ्याच पॉलिसी जीवावर बेतलं तरच पैसे देतात. ते कलम वाचा, जमत असेल तर वरचा हप्ता भरून ते वाढवून घ्या, पण आधी गोळी लिहा.

प्रश्न : आम्ही अकराजण मुंबई-गोवा-मुंबई बोटीनं जातोय. आजी ७८ वर्षांच्या, पासपोर्ट नाही. सगळ्यात लहान तीन वर्षांचा. सूनबाई गरोदर आहे, बोट सुटेल तेव्हा सव्वीसावा आठवडा असेल. पासपोर्ट काढावे का आणि विमा घ्यावा का? — एक वाचक, जयसिंगपूर

मुंबईहून गोव्याला जाऊन यायला भारतीय माणसाला पासपोर्ट लागत नाही. आजींचं आधार कार्ड पुरे, पण मूळ हवं. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. लहानग्याचं निळं बाल आधार घ्या. तिकिटावरचं नाव आधारवरच्यासारखंच असू दे. आजी तिकिटावर ‘अक्का’ आणि आधारवर ‘आक्काताई’ असं झालं की बंदरावर अर्धा तास जातो. हीच कंपनी पुढं श्रीलंकेची फेरी विकायला लागली तर मात्र पासपोर्ट सगळ्यांचाच.

सूनबाईंना मात्र आता नेऊ नका. बहुतेक क्रूझ कंपन्या २४ व्या आठवड्यापासून गरोदर बाईला बोटीवर घेतच नाहीत, विमा असला तरी आणि डॉक्टरचं पत्र असलं तरी. धक्क्यावर हे कळलं तर तिकिटाचे पैसे जातील आणि तिच्या डोळ्यांत पाणी येईल ते वेगळंच. तारीख आधीची मिळते का बघा, नाही तर बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर सगळे मिळून जा; त्याहून लहान बाळालाही बहुतेक बोटींवर प्रवेश नसतो.

विम्याचं म्हणाल तर देशातच आहात, मेडिक्लेम आहे, गोव्यात किंवा मुंबईत ॲडमिट झालात तर तो चालेल. बोटीवरच्या डॉक्टरची फी तेवढी खिशातून, कारण ती बाहेरच्या रुग्णासारखी धरतात. मी गोव्यासाठी वेगळी पॉलिसी घेणार नाही. पण अकरा तिकिटं एकदम घेताय, तेव्हा सुटायच्या किती दिवस आधी रद्द केलं तर किती टक्के कापतात, तो तक्ता पैसे भरण्याआधी मागून घ्या. कुटुंब एवढं मोठं की कुणाला तरी नेमक्या तेव्हाच कांजिण्या येतात.

प्रश्न : दुबईहून सुटणारी क्रूझ घेतोय. माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, सगळं नाव एकाच ओळीत. चालेल का? घरचा कांदा-लसूण मसाला नेता येतो का? — एक वाचक, आजरा

रकाना रिकामा असला तरी पुढं एकाहून जास्त शब्द असतील तर बहुधा निभावतं. अडतं ते अख्ख्या पासपोर्टवर नुसतं एकच नाव असलेल्यांचं. अमिरातीनं २०२२ पासून व्हिजिट व्हिसावर असे पासपोर्ट अडवायला सुरुवात केली. तरी मी असते तर आडनाव वेगळं काढून पासपोर्ट नव्यानं घेतला असता. आपल्याकडं बायकांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नानंतर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. लग्नाचा दाखला, आधार आणि जुना पासपोर्ट एका रांगेत मांडा आणि तिन्हीतलं स्पेलिंग जुळेपर्यंत अर्ज भरू नका. नवा क्रमांक आला की तिकिटावर आणि विम्यावर तोच टाकून घ्या. आणि दुबईची बोट ओमानला वगैरे लागून परत दुबईलाच येत असेल तर अमिरातीचा व्हिसा दोनदा आत येण्याचा आहे ना, हे एजंटकडून लिहून घ्या.

मसाल्याचं विचारलंत म्हणून सांगते. घरी केलेलं काहीही बोटीवर चढू देत नाहीत, दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. मी गेले तेव्हा दोन सीलबंद पाकिटं नेली. तिसऱ्या दिवशी बुफेतल्या रश्श्यात चमचाभर टाकून बघितला. शेजारच्या टेबलावरच्या सांगलीच्या बाईंनी वास ओळखला आणि उठून वाटी घेऊनच आल्या.