वाचकांचे प्रश्न : किटच्या रेडिओला आधी काय जोडू?

प्रश्न : सर, मी नाशिकला सिडकोत राहतो, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे. एलेक्राफ्टच्या के-टू या रेडिओचं (संदेश पाठवायचा आणि ऐकायचाही) किट जोडून झालं, मोर्स, म्हणजे टिंब-रेघांचे संदेश, चालतंय. आता एसएसबी (आवाजात बोलायची पद्धत), नॉइज ब्लँकर (खरखर कमी करणारा) की अँटेना ट्यूनर (तार रेडिओशी जुळवून देणारा), यांपैकी कुठला जोड-बोर्ड आधी घेऊ? बजेट कमी आहे.

उत्तर : बोलायचं असेल तर एसएसबीचा बोर्ड आधी, कारण मूळ किट फक्त मोर्सचंच आहे. ट्यूनरचं म्हणाल तर गच्चीवर ४० मीटर बँडचा (म्हणजे त्या तरंगलांबीच्या पट्ट्याचा) डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली दोन हातांची अँटेना, एकूण साधारण २० मीटर तार, नीट कापून लावलीत तर त्या बँडला ट्यूनर लागतच नाही, एकाच तारेवर सगळे बँड वाजवायचे असतील तरच घ्या. ब्लँकर विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांची कटकट कमी करतो, पण शेजारच्या एलईडी दिव्याची सततची घरघर त्याने जात नाही, म्हणून आधी घरातला मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर ऐका, बऱ्याचदा चोर घरातच सापडतो!

बोर्ड एकेक बसवा आणि प्रत्येक वेळी तपासा. टोरॉइडच्या (कडीसारख्या गाभ्यावर गुंडाळलेल्या कॉइलच्या) तारेचं इनॅमल, म्हणजे वरचा लेप, टोकाला पूर्ण निघालंय ना ते सोल्डरिंगआधी बघा, माझे दोन रविवार त्यातच गेलेत. आणि थंडीत आपल्याकडे हवा कोरडी, अंगावरच्या स्थिर विजेने आयसी (चिप) जळू शकते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच तिला हात लावा.