राजाची तिजोरी कुठून भरते?

भाऊ, तुझ्या पटावरच्या राजकारणाच्या खेळाचा नकाशा झकास झालाय, पण राजाकडे पैसा येतो कुठून, हे आधी ठरव. आपले नागपूरकर भोसलेच बघ. ते चौथ घ्यायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलखातल्या महसुलाचा चौथा हिस्सा. तो वसूल करायला घोडदळ लागायचं, आणि घोडदळाला पुन्हा पैसा. हे चक्र खेळात आलं की राजकारण आपसूक येतं.

माझ्या पहिल्या खेळात कर नुसता आकडा होता. सगळे वाढवत सुटले, कुणाचं काही बिघडेना. मग नियम केला: कर वाढवला की गावातली कापसाची एक सोंगटी उचलायची. पटावर गावं ओकीबोकी दिसायला लागली, तेव्हा कुठे खेळाडू वाटाघाटीला बसले.

वारसाचा नियमही हवाच. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं, म्हणजे इंग्रजी मुलखात सामील केलं.

निवडणुका, पक्ष यांचे नियम नंतर. रविवारी नागपुरात महाल भागात ये, खेळून बघू.